दोन मजली ग्रुप : बॅरलची लांबी, काडतूस आणि गोळीचा वेग

पार्श्वभूमी

ठाणे पश्चिमेला एका जुन्या औद्योगिक गाळ्याच्या पहिल्या मजल्यावर आम्ही १० मीटरची नेमबाजीची रेंज चालवतो. सकाळी शाळकरी मुलं, संध्याकाळी नोकरदार, सगळे एअर रायफल आणि एअर पिस्तूलवाले. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, आणि तेव्हापासून हॉलमधली निम्मी पोरं ‘सर, पॉइंट टू-टू कधी?’ (म्हणजे काडतुसाची ०.२२ इंची रायफल) म्हणून मागे लागलेली असतात. ईशा (नाव बदललं आहे) त्याच्या आधीच ५० मीटर प्रोनकडे, म्हणजे पालथं झोपून करायच्या नेमबाजीकडे, वळली होती.

ती आठवीत आमच्याकडे आली. एअर रायफलमध्ये स्थिर, फार न बोलणारी, चुकलेल्या शॉटवर तोंड न पाडणारी मुलगी. वयाची अट पूर्ण झाल्यावर परवाना झाला आणि एका ज्येष्ठ नेमबाजाकडची वापरलेली पॉइंट टू-टू रायफल रीतसर तिच्या परवान्यावर चढली. बॅरल ६६ सेंटिमीटर, स्थिती उत्तम. ५० मीटरच्या सरावासाठी आम्ही पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर जायचो. पहाटे साडेचारला ठाण्यातून गाडी काढायची, खंडाळ्याचा घाट उजाडताना ओलांडायचा आणि साडेसातला चटईवर आडवं व्हायचं.

तिचे बाबा वागळे इस्टेटमध्ये छोटं मशीन शॉप चालवतात. व्हॉल्व्हचे सुटे भाग करून देतात. हाताला येईल ती वस्तू घरी बनवायची त्यांना हौस. प्रोनच्या सामन्यात ६० शॉट असतात म्हणून त्यांनी लेकीला सागवानी ठोकळा करून दिला : दहा-दहा भोकांच्या सहा ओळी, भोकाची कड इतकी गुळगुळीत की काडतूस आपल्या वजनाने सरकत खाली बसावं. ईशा सामन्याआधी काडतुसं त्यात भरून घ्यायची. सहा ओळी म्हणजे सहा सीरिज, मोजदादीचा प्रश्न मिटला. आम्ही सगळ्यांनी त्या ठोकळ्याचं कौतुक केलं होतं. मीही.

अडचण

ऑक्टोबरपर्यंत तिचे प्रोनचे गुण ६११-६१२ च्या आसपास होते. (दशांशात गुण धरले तर ६० शॉटचे कमाल ६५४.) डिसेंबरातल्या एका स्पर्धेत ते ६०५.८ वर आले, पुढच्या दोन सरावांत ६०६ आणि ६०४.

आकड्यांपेक्षा टार्गेटचा स्क्रीन जास्त बोलत होता. शॉट डावी-उजवीकडे अजिबात पसरलेले नव्हते. घड्याळातल्या बाराच्या दिशेला एक पुंजका, सहाच्या दिशेला दुसरा. मध्ये जवळजवळ मोकळं. ईशा म्हणाली, “सर, हा दोन मजली ग्रुप आहे. मी कधी वर राहते, कधी तळमजल्यावर.”

प्रोनमध्ये उभा पसारा दिसला की प्रशिक्षकाचं बोट आपोआप श्वासाकडे जातं. श्वास पूर्ण न सोडता चाप ओढला की बॅरल वर-खाली होतं. दुसरा संशय खांद्यावरच्या बटप्लेटचा, तिसरा कोपराखालच्या चटईचा. मी या तिन्हींवर तीन आठवडे घालवले. बटप्लेट थोडी खाली घेतली, पट्टा एक भोक घट्ट केला, श्वास मोजायला लावला. ग्रुप दोन मजलीच राहिला, आणि बदललेल्या पोझिशनमुळे आता तो थोडा डावीकडेही जायला लागला. या तीन आठवड्यांबद्दल पुढे बोलतो, कारण या प्रकरणातली सर्वांत महाग चूक तीच होती आणि ती माझी होती.

समोरचे पर्याय

याच सुमारास तिचे बाबा एका रविवारी हॉलवर आले. हातात वही, वहीत आलेख.

“सर, साधं गणित आहे. बॅरल जितकं लांब, तितका वेळ गॅस गोळीला ढकलणार. म्हणजे वेग जास्त. वेग जास्त म्हणजे गोळी कमी पडणार, आणि कमी पडली की वर-खालीही कमी होणार. लांब बॅरलची रायफल बघून ठेवलीय. विक्रेत्याला बयाणाही दिलाय.”

बयाणा दिलाय हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. नवी मॅच रायफल म्हणजे लाखांचा मामला, शिवाय आयात आणि परवान्यावरची नोंद हे सगळं मागून येतं. पण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखंही नव्हतं. लष्करी ७.६२ मिलिमीटरच्या रायफलला ते लागू पडतं. तिथे काडतुसात दारू भरपूर असते, गोळी नळीच्या तोंडाशी येईपर्यंत मागचा दाब चांगलाच शिल्लक असतो, आणि बॅरल एक इंच कमी केलं की साधारण ६ ते ८ मीटर प्रतिसेकंद वेग जातो. ९ मिलिमीटरचं एकच काडतूस पिस्तुलाच्या चार इंची बॅरलमधून आणि कार्बाइनच्या लांब बॅरलमधून उडवलं तर कार्बाइनची गोळी स्पष्टपणे वेगवान निघते.

पॉइंट टू-टूचं काडतूस मात्र चिमुकलं. त्यातली दारू ग्रॅमचा दहावा भागसुद्धा जेमतेम. ती जळून गॅस झाला की गोळी पुढे सरकते तसा मागचा मोकळा भाग वाढत जातो आणि दाब झपाट्याने उतरतो. सोळा ते एकोणीस इंचांच्या दरम्यान कुठेतरी असा टप्पा येतो की गॅसचा धक्का आणि नळीच्या आतल्या घर्षणाचा अडसर जवळपास बरोबरीत येतात. त्यापुढचं बॅरल गोळीला काही देत नाही, झालंच तर थोडं काढून घेतं. लहानपणी गावाकडे बांबूच्या नळीतून हिरवी फळं उडवलेल्यांना हे अंगठ्याने माहीत असतं : नळी वीतभर असली की फळ फट्कन जातं, हातभर लांब केली की तोंडाशी येऊन मलूल पडतं.

आमच्या एअर रायफलींचंही तसंच. तिथला पेलेट (छर्रा) ०.५३ ग्रॅमच्या आसपास, वेग साधारण १७० ते १७५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे जेमतेम पावणेआठ जूल ऊर्जा. (२०१६ च्या शस्त्र नियमांत ४.५ मिलिमीटरच्या एअरगनला परवान्याशिवाय २० जूलची मर्यादा आहे, तिच्या निम्मीही नाही.) बाहेरून लांबलचक दिसणाऱ्या या रायफलींचा पुढचा बराच भाग नुसती पोकळ नळी असतो, पुढची साइट (नेम धरायची खूण) लांब नेण्यासाठी लावलेली. पाहणाऱ्याला वाटतं केवढं बॅरल!

दुसरा पर्याय ईशाच्या एका मित्राचा : जास्त वेगाची, हाय व्हेलॉसिटी काडतुसं वापर. याला मी तिथेच नकार दिला. पॉइंट टू-टूच्या मॅच काडतुसाची २.६ ग्रॅमची गोळी साधारण ३२०-३३० मीटर प्रतिसेकंदाने निघते आणि हे मुद्दाम ठेवलेलं असतं. आवाजाचा वेग २० अंशांना ३४३ मीटर प्रतिसेकंद. हाय व्हेलॉसिटीची गोळी ३८० च्या आसपास निघते आणि ५० मीटरच्या टप्प्यातच, टार्गेटच्या अलीकडे-पलीकडे, आवाजाच्या वेगाखाली उतरते. ती सीमा ओलांडताना हवेचा विरोध एकदम बदलतो आणि गोळी डगमगते. वर आणखी गंमत म्हणजे वाऱ्याने ती मंद गोळीपेक्षा जास्त वाहते. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं. पण वारा किती वाहवतो हे गोळी किती वेळ हवेत आहे यावर ठरत नाही, हवेमुळे तिला किती उशीर झाला यावर ठरतं. आवाजाच्या वेगापलीकडे हवा तिला जास्त अडवते, म्हणून उशीरही जास्त.

तिसरा पर्याय रेंजवरच्या एका अनुभवी नेमबाजाने सुचवला, बॅरल उलट आखूड करायचं. त्यालाही तर्क होता. गोळी नळीत जितका कमी वेळ, तितकी नेमबाजाची चाप ओढल्यानंतरची चूक कमी उमटते. आखूड बॅरल आणि पुढे हलकी नळी, अशी मांडणी बरेच जण वापरतात. पण चालू बॅरल कापायचं म्हणजे १९५९ च्या शस्त्र कायद्याचं सहावं कलम आडवं येतं, त्यासाठीचा परवाना असलेल्याशिवाय कुणालाही बॅरल आखूड करता येत नाही. हे मी ईशाच्या बाबांसमोर मुद्दाम मोठ्याने म्हटलं. ज्यांच्याकडे लेथ आहे त्यांना काही गोष्टी आधीच सांगून ठेवलेल्या बऱ्या.

चौथा पर्याय कुणीच मांडला नव्हता : आधी मोजून बघू.

काय केलं

पहिली गोष्ट ईशाने स्वतःच केली. बालेवाडीला शेजारच्या लेनवर सराव करणाऱ्या एका ताईंना ती म्हणाली, “ताई, माझ्या रायफलने, माझ्याच ठोकळ्यातले वीस शॉट मारून बघाल का?” पुण्याच्या त्या ताई वीसेक वर्षं प्रोन करतायत. परवानाधारक ईशा शेजारीच, रेंज ऑफिसरना विचारून, ताईंनी रायफल घेतली. स्क्रीनवर तोच दोन मजली ग्रुप उमटला. थोडा अरुंद, पण दोन मजली.

तीन आठवडे मी जिच्या श्वासात दोष शोधत होतो तिचा श्वास ठीक होता. ईशा काही बोलली नाही. मीच पाणी प्यायला बाहेर गेलो.

पुढच्या खेपेला एका ओळखीच्या क्लबकडून क्रोनोग्राफ मागून आणला. खोक्याच्या दोन टोकांना दोन संवेदक, गोळी एकावरून दुसऱ्यापर्यंत जायला किती वेळ लागला त्यावरून वेग. उपकरण साधं, पण नखरेल. आदल्या दिवशी आमच्या हॉलमध्ये एअर रायफलवर तपासलं तेव्हा त्याने एका पेलेटचा वेग १७१ आणि पुढच्याचा २४० दाखवला. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की वरच्या ट्यूबलाइटचा थरथरता उजेड त्याला गोळीची सावली वाटत होता. ट्यूब बंद करून साधा बल्ब लावला, आकडे सरळ झाले. बालेवाडीला उन्हात ही भानगड नव्हती, फक्त संवेदकांवर पांढरा पुठ्ठा धरून सावली एकसारखी ठेवावी लागली. क्रोनोग्राफ बॅरलच्या तोंडापासून तीन मीटरवर ठेवला.

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर काढलं, कारण बयाण्याची टांगती तलवार होती. ताईंच्या रायफलचं खरं बॅरल ५० सेंटिमीटरचं, पुढे नळी. ईशाचं ६६ सेंटिमीटरचं. एकाच खोक्यातली वीस काडतुसं घेतली, दोन्हींतून दहा-दहा. त्याआधी प्रत्येक रायफलमधून दहा शॉट मोजणीबाहेर मारले, म्हणजे नळीत त्या गोळीच्या मेणाचा थर बसतो. ईशाच्या लांब बॅरलची सरासरी आली ३२५ मीटर प्रतिसेकंद. ताईंच्या आखूड बॅरलची ३२७.

बाबांनी वही बाजूला ठेवली. “उलटं कसं?”

उलटं म्हणण्याइतकाही तो फरक मोठा नव्हता. दोन बॅरलच्या आतल्या घडणीतल्या बारीक फरकाने एवढं होतंच, लांबी एकच असली तरी. दोन रायफलींवरून लांबीचा नियम सिद्ध होत नाही हे मी त्यांना सांगितलं. पण १६ सेंटिमीटर जास्तीच्या पोलादातून वेगाचा काही नफा निघालेला नाही, एवढं तर डोळ्यांसमोर होतं.

मग ईशाने ठोकळा पुढे केला. त्यातले तीस शॉट क्रोनोग्राफवरून मारले. ३२७, ३२५, ३१८, ३२८, ३१७, ३१९, ३२६... पाचव्या-सहाव्या आकड्यालाच बाबा माझ्या खांद्यावरून वाकून कागदाकडे बघायला लागले. आकडे सलग पसरलेले नव्हते. एक गठ्ठा ३२६ च्या भोवती, दुसरा ३१८ च्या. मधल्या ३२१-३२३ मध्ये जवळपास कुणी नाही.

बाबा म्हणाले, “ही दोन वेगळ्या हीटची आहेत.”

हीट म्हणजे पोलादाचा घाणा, एका वेळी वितळवून ओतलेला माल. वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या शॉपमध्ये आलेल्या प्रत्येक सळीवर हीट नंबर असतो, आणि सळी कापली की तो नंबर उरलेल्या तुकड्यावर आधी पुन्हा ठोकायचा, मगच यंत्र सुरू करायचं, असा त्यांचा शिरस्ता. दोन हीटचा माल एका पेटीत टाकणाऱ्या कामगाराला त्यांनी माझ्यासमोर फोनवर झापलेलं मी ऐकलंय.

काडतुसांच्या खोक्याच्या आतल्या पानावर लॉट नंबर छापलेला असतो. ईशाने पिशवीतून सगळी खोकी काढून चटईवर मांडली. कंपनी एक, प्रकार एक, रंग एक. शेवटचे तीन आकडे मात्र दोन तऱ्हेचे. नोव्हेंबरात जुना साठा संपत आल्यावर नवीन आला होता आणि अर्धवट संपलेल्या खोक्यांतली काडतुसं ती ठोकळ्यात भरत होती, जी हाताला येतील ती. ठोकळ्यात बसलेल्या काडतुसावर नंबर नसतो.

“बाबा, तुझ्या ठोकळ्याने घात केला,” ईशा म्हणाली. हसतच म्हणाली, पण त्यांचा चेहरा पडला.

आता गणित जुळतंय का ते बघायचं होतं, कारण दोन गठ्ठे सापडले म्हणजे दोष सापडला असं होत नाही. ३२६ ने निघालेली गोळी ५० मीटरला साधारण ०.१५९ सेकंदात पोचते, तेवढ्या वेळात सव्वाबारा-साडेबारा सेंटिमीटर खाली येते. ३१८ वाली ०.१६३ सेकंद घेते आणि तेरा सेंटिमीटर पडते. फरक सहा मिलिमीटरच्या आसपास. कागदी टार्गेट लावून दोन्ही लॉटचे दहा-दहा शॉट वेगवेगळे मारले आणि केंद्रातलं अंतर पट्टीने मोजलं, पाच मिलिमीटर भरलं. गोळी नळीत असताना बॅरल थोडं वर उसळतं, मंद गोळी जरा उशिरा बाहेर पडते म्हणून जरा वरच्या कोनातून सुटते. एक मिलिमीटर बहुधा तिथे भरून निघाला असावा.

पाच मिलिमीटर म्हणजे किती? ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि केंद्रापासून दर ०.८ मिलिमीटरला ०.१ गुण जातो. साइट दोन मजल्यांच्या मधोमध लावलेली असली की प्रत्येक शॉट अडीच मिलिमीटर वर किंवा खाली ढकललेला. काही शॉटना त्याने फायदाही होतो, बहुतेकांना तोटा. सरासरी ०.१ गुण जरी गेला तरी ६० शॉटचे सहा. ६१२ वजा सहा.

निकाल

दोन्ही लॉट वेगळे केले. ३२६ वाल्या लॉटचा ग्रुप तिच्या बॅरलमध्ये जास्त घट्ट आला, तो स्पर्धेसाठी राखला. दुसरा लॉट वाईट नव्हता, फक्त वेगळा होता. तो सरावाला लावला, आणि सरावाला बसल्या बसल्या साइटचे क्लिक बदलायचे हे तिला पाठ झालं. फेब्रुवारीत ती ६०९ वर आली, मार्चमध्ये ६१२.४.

फेब्रुवारीतले ते तीन गुण लॉटने खाल्लेले नव्हते. बटप्लेट आणि पट्टा मी हलवून ठेवला होता, तो जुन्या जागी आणून अंगवळणी पडायला महिना गेला.

बयाण्यातली निम्मी रक्कम विक्रेत्याने परत केली. उरलेल्या निम्म्याबद्दल बाबा अजून फोन करतात.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्यापासून सुरू करतो. उभा पसारा आणि दोन मजले यांत फरक आहे, तो मी बघितला नाही. श्वास चुकला तर शॉट वर-खाली सगळीकडे सांडतात, मधली जागा रिकामी राहत नाही. रिकामी राहिलेली जागा हाच पुरावा होता आणि तो स्क्रीनवर पहिल्या दिवसापासून होता. त्यातून दुसऱ्या हाताने वीस शॉट मारून बघायला दहा मिनिटं लागतात. हे मला सुचायला हवं होतं, सुचलं विद्यार्थिनीला. आता आमच्याकडे नियम आहे : पोझिशनला हात लावण्याआधी रायफल आणि काडतूस निर्दोष ठरवायचं, आणि बटप्लेटचं मूळ माप वहीत लिहिल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

क्रोनोग्राफ मागायलाही आम्ही उशीर केला. एअर रायफलवाल्यांना त्याची सवय असते, सिलिंडरचा दाब उतरला की पेलेट मंदावतो हे सगळ्यांना माहीत. पॉइंट टू-टूला वेग कारखान्यात ठरलेला असतो असं आम्ही गृहीत धरून चाललो.

तिच्या बाबांचा प्रश्न चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ‘वेग किती’ विचारायचं की ‘वेग किती सारखा’ विचारायचं, एवढाच फेर होता. आणि दुसरा प्रश्न ते रोज सकाळी स्वतःच्या शॉपमध्ये विचारतातच. मी त्यांच्याशी नळी, गॅस, घर्षण असं बोलत बसण्याऐवजी पहिल्याच रविवारी त्यांना विचारलं असतं, ‘हा माल तुमच्याकडे आला तर आधी काय बघाल?’, तर बयाणा बहुधा त्याच संध्याकाळी मागे घेतला असता.

एक गोष्ट आम्ही अजून नीट तपासलेली नाही. डिसेंबरच्या सकाळी बालेवाडीला १२ अंश असतात, तेव्हा आवाजाचा वेग ३३९ पर्यंत उतरतो. मेच्या दुपारी ३४ अंशांना तो ३५२ असतो. म्हणजे तीच गोळी थंडीत त्या सीमेच्या जास्त जवळून जाते. शिवाय काडतूस स्वतः गार असलं की दारू जरा मंद जळते. ठाण्याहून गाडीच्या हीटरजवळ ठेवून नेलेली काडतुसं आणि रात्रभर पुण्यात राहिलेली काडतुसं एकाच वेगाने जातात का, हे मोजायचं आहे. तोवर ईशा ती जेवणाच्या डब्याच्या जाड पिशवीत घालून नेते आणि चटईवर उन्हात ठेवत नाही.

सागवानी ठोकळा तसाच आहे. बाबांनी त्याच्या कडेला एक अरुंद खाच पाडली. ठोकळा भरला की खोक्याचं लॉट नंबरवालं पान फाडून त्यात खोचायचं, आणि दुसरं पान खोचलेलं दिसलं तर ठोकळा रिकामा करून पुन्हा भरायचा. चांगल्या लॉटची ३४० काडतुसं उरली आहेत, म्हणजे चाचणीचे शॉट धरून चार-पाच सामने. तो लॉट आता मिळत नाही. पुढच्या खेपेला तीन वेगवेगळ्या लॉटची एकेक खोकी मागवली आहेत, आणि क्रोनोग्राफ त्या क्लबकडून पुन्हा मागायचा आहे.